ओल्या वाळूतली घागर

मित्रांनो, जवळ या, पण वाकून आत डोकावू नका. आत काय आहे ते मी शेवटी सांगणार आहे. मी एक जुनी मातीची घागर आहे. माझा ओठ एका बाजूला फुटलेला आहे, पोटावर धुराचे काळे डाग आहेत आणि स्वभाव जरा तापट आहे. मातीच्या भांड्याला कसला आलाय स्वभाव, असं तुम्ही म्हणाल. तीस वर्षं एकाच घरात, एकाच बाईच्या हाताखाली काढून बघा, मग बोला!

माझा जन्म डोंगरावरच्या एका कुंभारणीच्या अंगणात झाला. तिने मला चाकावर फिरवलं नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचल्या, नदीतल्या गोट्याने घासघासून अंग गुळगुळीत केलं आणि गवताच्या आगीत भाजून काढलं. माझ्या शेजारची दोन भावंडं त्या आगीत तडकली. मी टिकले. कुंभारणीने मला बोटाने वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "ही दुधाची." त्या दोन शब्दांनी माझा जन्म ठरून गेला.

अत्वोकीच्या लग्नात मी तिच्या डोक्यावर बसून डोंगर उतरले आणि सेम्लिकी नदीकाठच्या कुरणात राहायला आले. तिचं कागदावरचं नाव वेगळं आहे, पण आमच्याकडे माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं उद्धटपणाचं समजतात. मूल जन्मलं की घरची मोठी माणसं एकत्र बसून त्याला एक मायेचं नाव देतात. मग जन्मभर आदराने, लाडाने, आणि भांडतानासुद्धा त्याच नावाने हाक. अत्वोकी हे तिचं तसं नाव आहे.

कुरणात ऊन असं, की दुपारी लांब शिंगांच्या आमच्या गाईसुद्धा चरायचं सोडून झुडपाच्या सावलीत माना खाली घालून उभ्या राहतात. अशा उन्हात दूध दुपारपर्यंत टिकवायचं म्हणजे काय गंमत आहे? पण अत्वोकीचं दूध टिकायचं. रोज ती मला धुवायची, उन्हात खडखडीत वाळवायची, मग मातीच्या छोट्या धुपाटण्यात वासाचं गवत पेटवून माझ्या पोटात धूर भरायची आणि तोंड झाकून तो आत कोंडायची. "ओल्या भांड्यात दूध नासतं," ती शेजारणींना सांगायची. "भांडं वाळलेलं पाहिजे आणि धुरी दिलेलं पाहिजे. बाकी सगळं देवाच्या हातात." पाहुणे आले की माझ्यातलं दूध प्यायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "वा, अत्वोकी! हात आहे तुझा." हात तिचा होता हे खरंच, पण पोट माझं होतं हे कोणी म्हणायचं नाही.

पुढे ॲल्युमिनियमचे कॅन आले. रोज सकाळी एक मालमोटार सडकेवर यायला लागली आणि गावचं दूध कॅनमध्ये भरून वरच्या शहरात न्यायला लागली. त्यातच एका वासराने मला लाथ मारून माझा ओठ फोडला. झालं! मला घराच्या मागे नेऊन ठेवलं. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली आणि एकवीस दिवस माझ्या पोटात बसून मला टोचत राहिली. पिल्लं निघाली तेव्हा मला आनंद झाला, पण खोटं कशाला बोलू, दुधाची घागर होते मी, खुराडं नव्हे! त्या वर्षात मी फार रडले. पण मातीचं रडणं कोणाला दिसत नाही.

मला दुसरा जन्म दिला तो कासेमीरेने. ही अत्वोकीची सून. तिचं मायेचं नाव अमूटी. अत्वोकीचा मुलगा अपुली याच्याशी तिचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलत नव्हता. शेजारणी आडून विचारायच्या तेव्हा अत्वोकीच त्यांना गप्प करायची. "माझ्या सुनेची मोजणी करायला आलात? आधी आपल्या गाई मोजा." आणि मग सातव्या वर्षी कासेमीरेला दिवस गेले. अत्वोकीने त्या दिवशी गोठ्यातल्या सगळ्यात चांगल्या गाईचं दूध घरीच ठेवलं, मालमोटारीला दिलं नाही.

सहाव्या महिन्यात कासेमीरेला फार तहान लागायला लागली. पोटही महिन्यांच्या मानाने मोठं दिसायचं. सडकेवरच्या दवाखान्यातल्या सिस्टर बियात्रिस यांनी तिचं बोट टोचून रक्त तपासलं आणि सांगितलं, "अमूटी, तुझ्या रक्तात साखर वाढलीये. गरोदरपणातली साखर म्हणतात हिला. बाळंत झालीस की बहुतेक जाईल, पण तोपर्यंत हिला आवरलं नाही तर बाळाला धोका आहे." शहरातून इन्सुलिनच्या बाटल्या मागवल्या. सकाळ-संध्याकाळ सुई टोचायची, आणि छोट्या यंत्रावर बोटाचं रक्त लावून आकडा बघायचा. सकाळी उपाशीपोटी आकडा पाचच्या आसपास हवा.

बाटल्या आल्या त्याच आठवड्यात तो आजार आला. तुम्हालाही तो आठवत असेल, मित्रांनो. आमच्याकडे गाड्या बंद, मोटारसायकली बंद, बाजार बंद झाला. दवाखान्याच्या फाटकाला दोरी बांधली आणि ज्याचं काम असेल तो एकटाच आत, असा नियम झाला. म्हणून औषध आणायला दोघी गेल्या तरी अत्वोकी फाटकाबाहेर उन्हात उभी राहिली आणि कासेमीरे एकटी आत गेली. सिस्टरने आत तिला नीट समजावलं. हे औषध उन्हाने मरतं. घरात फ्रीज नाही, तर मातीची घागर घ्यायची, ओल्या वाळूत बसवायची, बाटल्या पिशवीत गुंडाळून आत ठेवायच्या, वर ओलं फडकं टाकायचं. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची. आगीजवळ न्यायचं नाही, उन्हात न्यायचं नाही. टोचायच्या आधी बाटली जोरात हलवायची नाही, तळहातात हळू फिरवायची.

हे सगळं एकटीने ऐकलं. फाटकाबाहेरच्या बाईला यातलं एक अक्षर कळलं नाही. बाहेर आल्यावर सासूने विचारलं, "काय म्हणाली?" आणि कासेमीरेने एवढंच सांगितलं, "घागरीत ठेवा म्हणाल्या, आई." सुनेने सासूला भांडं कसं राखायचं हे शिकवायचं? त्यातून ज्या सासूच्या हाताची गावभर वाहवा होते तिला? आमच्याकडे असं होत नाही. म्हणून कासेमीरे बाकीचं गिळून बसली.

मला घरात आणलं, तेव्हा मी काय सांगू तुम्हाला, माझा आनंद मावेना. कासेमीरेने कोपऱ्यात वाळू पसरली, मला तिच्यात गळ्यापर्यंत बसवलं आणि पाणी शिंपडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बाहेरून ओली होते आणि आतून गार. बाटल्या आत ठेवताना तिने माझ्या पोटावर तळहात ठेवला, दुसरा तळहात स्वतःच्या पोटावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "सांभाळ गं." मी सांभाळलं. पहिले पाच आठवडे तिचा आकडा कधी पाच, कधी साडेपाच. फोनवर सिस्टर म्हणायच्या, "शाबास! तुझ्यासारख्या दोन-चार असत्या तर मी निवांत झोपले असते." कासेमीरे हसायची. मीही मनातल्या मनात फुगायचे. दुधाची घागर होते, आता बाळाची घागर झाले.

मग आठवा महिना लागला आणि अत्वोकीने बाळाच्या स्वागताची तयारी सुरू केली. घर सारवलं. जुनी दुधाची भांडी काढून एकेकाला धुरी दिली. आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. ती कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"अरे देवा! हिला ओलीचिंब करून ठेवलंय. बुरशी येईल हिला."

घरात कोणी नव्हतं. कासेमीरे धुणं घेऊन दुपारभर ओढ्यावर गेली होती, अपुली गाईंमागे. अत्वोकीने पिशवी उघडली आणि एक बाटली उजेडात धरली. हे औषध स्वच्छ पाण्यासारखं नसतं, मित्रांनो. ते दुधासारखं पांढरं असतं. अत्वोकीचा चेहरा उजळला. "दूधच आहे की हे!" ती माझ्याशी बोलली, खरंच, माझ्याशीच बोलली. "आणि दूध ओल्या भांड्यात ठेवतात का कुठे? सिस्टर शहरातल्या. त्यांना काय कळतंय दुधातलं!"

तिने मला वाळूतून उपसलं, पुसलं, उन्हात वाळवलं, धुपाटणं पेटवलं आणि माझ्या पोटात धूर भरला. मग बाटल्या तशाच आत ठेवल्या, तोंड झाकलं आणि मला अंगणातल्या मचाणावर उन्हात ठेवून दिलं, कारण धुरी दिलेलं भांडं खडखडीत तापलं म्हणजेच धूर अंगात मुरतो. हे सगळं करताना ती गुणगुणत होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. इतक्या मायेने तिने माझ्यातलं दूधही कधी राखलं नव्हतं.

मी ओरडले. मातीला जसं ओरडता येतं तसं ओरडले. आतून मला त्या काचेच्या बाटल्या तापताना जाणवत होत्या. अगं अत्वोकी, हे दूध नाही! हे उन्हाने मरतं! पण माझ्या तोंडावर झाकण होतं, आणि झाकण नसतं तरी काय उपयोग होता? उन्हं उतरायच्या आधी तिने मला पुन्हा वाळूत नेऊन बसवलं आणि वर पाणी शिंपडलं. "सिस्टरचं पण मन राखू या," ती म्हणाली. संध्याकाळी कासेमीरेने फडकं उचललं तेव्हा मी पुन्हा गार झाले होते. तिला थोडा धुराचा वास आला, पण त्या घरात पांघरुणापासून माणसांपर्यंत सगळ्यालाच धुराचा वास येतो. तिने बाटली तळहातात फिरवली आणि सुई टोचून घेतली.

हे एकदा झालं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण अत्वोकीला जे चांगलं वाटतं ते ती रोज करते. कासेमीरे ओढ्यावर गेली की मी वाळूतून बाहेर, धुरीत, उन्हात. ती यायच्या आत परत वाळूत. दिवसामागून दिवस असंच चाललं. पाचाचा आकडा सात झाला. मग नऊ झाला.

"अमूटी, काय खाल्लंस? खरं सांग हं," सिस्टर फोनवर म्हणाल्या. फोन माझ्याच काठावर ठेवलेला असायचा, कारण त्या कोपऱ्यात आवाज नीट यायचा.

"शेंगदाण्याची आमटी, पालेभाजी आणि एवढासा नाचणीचा गोळा."

"एवढासा म्हणजे केवढासा? मी इथे बसून तुझं ताट बघू शकत नाही गं."

"खरंच एवढासाच, सिस्टर."

"मग आकडा नऊ कसा? मका खाल्लास? कसाव्याचे कंद खाल्लेस? दुधात साखर घातलीस?"

मागून अत्वोकी पुटपुटली, "सिस्टरला म्हणावं, या आमच्या चुलीपाशी आणि घास मोजा." सिस्टरने औषध सुईवरच्या दोन खुणांनी वाढवलं. मेलेलं औषध दोन खुणा जास्त टोचून काय होणार होतं? आकडा अकरा झाला. यंत्रात रक्त तपासायच्या पट्ट्या संपत आल्या, म्हणून ती एक दिवसाआड तपासायला लागली.

मग तिने जेवणच कमी केलं. आधी नाचणी सोडली, मग दूध सोडलं, मग नुसती पालेभाजी खाऊन राहू लागली. पोट वाढत होतं आणि हातपाय काड्या होत होते. अत्वोकी ताट घेऊन मागे फिरायची. "दोन जिवांची बाई अशी उपाशी राहते? लोक मला काय म्हणतील? आणि लोक जाऊ देत, माझं नातवंड मला काय म्हणेल?"

"आई, नको ना. खाल्लं की आकडा वाढतो."

"आग लागो त्या आकड्याला!"

एका सकाळी आकडा तेरा आला. कासेमीरे माझ्याशेजारी वाळूत बसली आणि रडली. "काय चुकतंय माझं?" ती विचारत होती. "सगळं करतेय ना मी? तूच सांग, काय चुकतंय?" तिचा तळहात माझ्या पोटावर होता. मित्रांनो, मला ठाऊक होतं. त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. आणि मला जीभ नाही. मी त्या क्षणी तडकून दोन तुकडे व्हायला तयार होते, म्हणजे निदान कोणी तरी विचारलं असतं, ही अशी का फुटली? पण कुंभारणीने मला पक्कं भाजलं होतं. मी फुटलेसुद्धा नाही.

त्याच दिवशी दुपारी सिस्टरचा फोन आला. कासेमीरेला बोलवेना, म्हणून अत्वोकीने फोन उचलला.

"सिस्टर, तुम्ही पोरीला रागावू नका. ती काही लपवत नाही. आणि औषध पण अगदी चांगलं आहे. मी स्वतः राखते ते. चार दिवसांपासून तर त्यात लोणी धरायला लागलंय."

सिस्टरने तिला मधेच अडवलं.

"काय धरायला लागलंय?"

"लोणी हो. काचेला आतून बारीक बारीक कण चिकटलेत. दूध जातिवंत असलं की धरतंच."

"अत्वोकी," सिस्टर फार सावकाश म्हणाल्या, "तुम्ही ते राखता म्हणजे काय करता?"

आणि अत्वोकीने सांगितलं. अभिमानाने सांगितलं. धुरी, झाकण, मचाण, ऊन. "आणि मग परत ओल्या वाळूत, तुमच्या मनासारखं," ती शेवटी म्हणाली.

सिस्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे तरी झाले असतील."

"अत्वोकी, ते औषध मेलंय. ते लोणी नाही, औषध नासल्यावर त्याच्या तशा गुठळ्या होतात. तीन आठवडे पोर पाणी टोचून घेतेय." मग त्यांचा आवाज बदलला. "तिला विचारा, बाळ हलतंय का?"

अत्वोकीने सुनेकडे पाहिलं. कासेमीरेने सगळं ऐकलं होतं. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "कालपासून कमी."

तिला ताबडतोब शहरात न्यायला हवं होतं. पण गाडीला परवानगीचा कागद लागतो, आणि कागदावर साहेबांचा शिक्का लागतो. अपुली सायकलवरून गेला. साहेब बैठकीला गेले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तर शिक्का दुसऱ्या साहेबांकडे होता. दोन दिवस तो धुळीने माखून यायचा आणि रिकाम्या हाताने दारात उभा राहायचा. सिस्टरने दवाखान्याची गाडी मागितली, पण ती एकच होती आणि आजाराच्या रोग्यांसाठी फिरत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाची मालमोटार सडकेवर आली; बंदीत ती आठवड्यातून एकदाच यायची. तिला माणूस न्यायची मनाई होती. अपुली ड्रायव्हरच्या पाया पडला.

"अरे ऊठ, ऊठ," ड्रायव्हर म्हणाला. "कॅनच्या मधे जागा कर. कोणी विचारलंच तर सांगेन, आमच्या कुरणातला सगळ्यात महाग माल आहे."

अत्वोकी गाडीवर चढायला निघाली तर ड्रायव्हरने हात जोडले. "म्हातारे, एकच. दोघी दिसलात तर दोघींना उतरवतील." अपुली सायकल घेऊन मागोमाग डोंगर चढायला निघाला. कासेमीरे कॅनच्या मधे गवताच्या पेंढीवर बसली. जाताना तिने सासूकडे पाहिलं. मी हे दारातून जेवढं दिसतं तेवढं पाहिलं, बाकी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. अत्वोकी तो काठावर ठेवून माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"आई." कासेमीरेचा आवाज खोल गेला होता. "मुलगी झाली. पोट कापून काढली. चार किलोची आहे, आई. एवढी मोठी. केस पण आहेत. पण तिला श्वास घेता येत नाही."

"डॉक्टर आहेत ना तिथे? ते काय म्हणतात?"

"ते गप्प आहेत." मग तीच पुढे म्हणाली, "अपुलीला फाटकाच्या आत घेत नाहीत. इथे मी एकटीच आहे. आई, तुम्ही तिला नाव द्या."

"अगं पोरी, असं कसं? काही दिवस जाऊ द्यावे लागतात. घरची माणसं बसतात, नाचणी शिजते, बाळाला मांडीवर घेतात. मग नाव. ही रीत आहे."

"आई, दिवस नाहीत."

मित्रांनो, अत्वोकीने आयुष्यात एक रीत मोडली नव्हती. दूध काढताना कोणत्या हाताने भांडं धरायचं, पाहुण्याला कोणत्या बाजूने दूध द्यायचं, सगळं तिला पाठ होतं आणि त्यात तिने कधी बोटभर फरक केला नव्हता. ती उठली. माझ्याशेजारच्या तांब्यातल्या पाण्याने हात धुतले. डोक्याचं फडकं नीट बांधलं. पुन्हा बसली आणि फोन दोन्ही हातांत बाळ धरतात तसा धरला.

"तिच्या कानाशी धर," ती म्हणाली. मग मोठ्याने, स्पष्ट, जशी ती पाहुण्यांसमोर बोलते तशी बोलली, "अत्वोकी. ऐकतेस ना गं? तुझं नाव अत्वोकी. माझंच आहे ते, तुला दिलं. अत्वोकी. तू आमची आहेस." तिसऱ्यांदा हाक मारताना तिचा आवाज फाटला. पलीकडून यंत्राची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

छोटी अत्वोकी ऊन उतरायच्या आत गेली. तिला हाक मारायला नाव होतं, एवढंच.

मला वाटलं, आता म्हातारी मला उचलून दगडावर आपटेल. मी वाट पाहत होते. मला ते हवंच होतं. पण तिने धुपाटणं उचललं, त्यातली राख झटकली आणि ते छपराच्या वाशात पार वर खोचून टाकलं. मग संध्याकाळ झाली तेव्हा पाणी घेऊन आली आणि माझ्याभोवतीची वाळू ओली केली. माझ्यात काहीच नव्हतं. बाटल्या नव्हत्या, सूनही घरी नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वाळू ओली केली, संध्याकाळी पुन्हा केली. कासेमीरे परत येईपर्यंत रोज तेच चाललं होतं.

कासेमीरे आली ती भिंतीला धरून धरून. अत्वोकी तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. आमच्याकडे सासू सुनेसमोर गुडघे टेकत नाही. "मी मारलं तिला," ती म्हणाली.

कासेमीरेच्या चेहऱ्यावर राग होता. कशाला लपवू, भरपूर राग होता. मग ती म्हणाली, "सिस्टरने मला सगळं सांगितलं होतं, आई. ऊन नको, आग नको. मी तुम्हाला सांगितलं नाही. सासूला कशी शिकवू म्हणून गप्प बसले." आणि मग दोघी इतक्या रडल्या, की गोठ्यातल्या गाई हंबरायला लागल्या. नंतर कित्येक महिने त्या घरात कामापुरतंच बोलणं होत होतं.

मित्रांनो, लोक म्हणतात की मडक्याची काळजी घ्या, ते फुटलं तर जोडता येत नाही. माझं तुमच्याकडे तसलं काही मागणं नाही. मला वासराने फोडलं, कोंबडीने टोचलं, मी जगले. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही ज्याच्यावर माया करता त्याला आधी विचारा. आणि तुम्हाला काही ठाऊक असेल, तर समोरचा कितीही मोठा असो, सांगा. मला सांगता आलं नाही कारण मी माती आहे. तुम्ही माती नाही.

आता आत काय आहे ते सांगते. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. गाड्या सुरू झाल्या, फाटकावरची दोरी सुटली. कासेमीरेला पुन्हा दिवस गेलेत आणि साखर पुन्हा आलीये. या वेळी सिस्टरने दोघींना समोर बसवून सगळं समजावलं, आणि अत्वोकीने सिस्टरला 'उन्हात नाहीच ना न्यायचं?' हे तीनदा विचारलं. मी पुन्हा ओल्या वाळूत बसलेय आणि माझ्यात दुधासारख्या दोन बाटल्या आहेत. सातवा महिना चालू आहे. आज सकाळचा आकडा पाच होता. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि मी काही करूही शकत नाही. मी फक्त गार राहू शकते.

रोज सकाळी अत्वोकी पाण्याचं भांडं घेऊन येते. घागर तिची, घर तिचं, वाळूही तिनेच नदीवरून आणलेली. तरी ती माझ्यापासून दोन हातांवर थांबते, सुनेकडे बघते आणि विचारते, "हात लावू का गं, अमूटी?"

"लावा, आई," कासेमीरे म्हणते. मग म्हातारी माझ्या पोटावर तळहात ठेवते आणि मी गार आहे याची पुरती खात्री होईपर्यंत तो उचलत नाही.